बेट सोडणाऱ्यांचे गाव मोडू नका
राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप थोपवायला १,५०० कोटी आणि धुपीमुळे उठलेल्या लोकांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपये सुचवले, तेव्हा उशिरा का होईना, एक गोष्ट सरकारदरबारी मान्य झाली. नदी आणि समुद्र जमीन गिळतात, आणि ज्याची जमीन गेली तोही पूरग्रस्ताइतकाच आपद्ग्रस्त असतो. तोवर त्याची गत मोठी चमत्कारिक होती. पूर, वादळ, भूकंप, गारपीट, अगदी पिकांवरची कीडसुद्धा मदतीच्या यादीत; धूप तेवढी नाही. धरणात जमीन गेली तर भूसंपादनाचा कायदा दाखवता येतो. समुद्राने नेली तर संपादन करणाराच कोणी नसतो, मग मोबदला मागायचा कोणाकडे? आपण या लोकांसाठी धोरणाचा मसुदा हाती घेतलात, ते म्हणूनच मोलाचे काम आहे. हे पत्र त्या कामाच्या विरोधात नाही. त्यात एक गोष्ट राहून जाईल अशी भीती वाटते, तिच्याबद्दल आहे.

बेट सोडून मुख्य भूमीवर येणाऱ्या माणसाचे दुःख हा विषय आपण गाणी लिहिणाऱ्यांकडे आणि माहितीपट काढणाऱ्यांकडे सोपवून मोकळे झालो आहोत. सरकारी अहवालात त्याची फार तर एखाद्या परिच्छेदात बोळवण होते. माझे म्हणणे असे की, हे दुःख हिशेबात धरण्याजोगी बाब आहे. घर गेले म्हणून माणूस रडतो असे आपण समजतो. पण घर पुन्हा मिळते, पूर्वीपेक्षा पक्के मिळते, आणि तरी तो वर्षानुवर्षे समुद्राकडे तोंड करून बसतो. म्हणजे घराखेरीज आणखी काही गेलेले असते आणि ते पंचनाम्यात उतरलेले नसते. ते काय गेले याचा माग काढायचा तर त्या दुःखाचीच विचारपूस करावी लागते. असा माग काढला की बहुतेक वेळा एकच उत्तर हाती येते: माणसे हलवली, पण गाव मोडले.

यासाठी कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलँडइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. तिथे बेटे बुडत नव्हती. जे झाले ते सरकारी योजनेने, ठरवून झाले. १९४९ मध्ये हा प्रदेश कॅनडात सामील झाला तेव्हा त्याच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर मिळून हजाराहून अधिक चिमुकल्या वस्त्या होत्या आणि कॉड मासा हा त्या सगळ्यांचा पोशिंदा होता. मुख्यमंत्री जोसेफ स्मॉलवूड यांच्या सरकारपुढचा प्रश्न खोटा नव्हता. पंचवीस घरांच्या बेटावर वीज, शाळा, डॉक्टर द्यायचे कुठून? म्हणून १९५४ पासून बेटकऱ्यांना पैसे देऊन मोठ्या गावांत हलवायची योजना निघाली. १९६५ मध्ये तिला केंद्र सरकारची जोड मिळाली. १९७५ पर्यंत सुमारे ३०० वस्त्या ओस पडल्या आणि ३० हजारांच्या आसपास माणसे उठली. कित्येकांनी तर घरेसुद्धा सोबत नेली. लाकडी घर पायावरून सुटे करायचे, ओंडक्यांवरून सरकवत पाण्यापर्यंत आणायचे, रिकामी पिंपे बांधून भरतीवर तरंगवायचे आणि मोटारबोटींनी ओढत पलीकडच्या किनाऱ्याला लावायचे. सबंध दुमजली घर समुद्रातून चालले आहे, अशी त्या काळची छायाचित्रे आहेत. म्हणजे पुनर्वसनात जे सगळ्यात अवघड, महाग आणि दृश्य मानले जाते, ते घर तर तिथे चौकटीसकट पोचले होते.

आणि तरीही दुःख ओसरले नाही. का, ते पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट पाण्यातल्या जागेची. कॉडची जाळी समुद्रात कुठे लावायची याच्या जागा त्या किनाऱ्यावर गावागावांत वाटून घेतलेल्या असत, अनेक ठिकाणी दरवर्षी चिठ्ठ्या टाकून. आपल्याकडे डोल जाळ्यांचे खुंट कोणी कुठे रोवायचे हे कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, तसाच हा प्रकार. नव्या गावी आलेला मच्छीमार घर घेऊन आला, बोट घेऊन आला, पण पाण्यातली जागा काही आणू शकला नाही. तिथल्या चांगल्या जागांवर तिथलेच लोक आधीपासून होते आणि कारखान्यांच्या नोकऱ्यांची जी आश्वासने दिली होती त्यांतली बरीच हवेत विरली. परिणाम असा झाला की उन्हाळा आला की ही माणसे आपापल्या ओस बेटावर परत जाऊन, पडक्या खोपटात राहून तिथेच मासेमारी करू लागली. योजनेच्या हिशेबात ती ‘स्थलांतरित’ होती. पोटासाठी मात्र जुन्याच पाण्यावर. या परतीच्या फेऱ्यांना कोणी गावाची ओढ म्हणेल. ओढ होतीच, पण त्या फेऱ्यांमध्ये योजनेची चूक स्पष्ट वाचता येत होती, आणि ती कोणी वाचली नाही.

दुसरी गोष्ट स्मशानाची. आपल्या प्रशासकीय भाषेत स्मशान ही एक ‘सुविधा’ आहे, नव्या वसाहतीत एवढ्या गुंठ्यांत ती दिली की काम झाले. पण बेटावर राहिलेल्या थडग्यांची देखभाल कोण करणार? न्यूफाउंडलँडचे लेखक अल पिटमन यांच्या ‘वेस्ट मून’ या नाटकात, आपल्या सर्वपित्रीसारख्या एका रात्री, ओस पडलेल्या गावच्या दफनभूमीतले मृतात्मे एकमेकांशी बोलू लागतात. आपल्याकडे कोणी का फिरकत नाही हे त्यांना उमगत नाही. नाटकातली ही कल्पना नाटककाराची असली तरी तिच्यामागची अडचण खरी होती. त्या बेटांवरून उठलेले लोक आणि त्यांची मुले आजही मेळावे भरवून मूळ गावी जातात, थडग्यांभोवतीचे गवत काढतात. सरकारी खर्चाने वर्षाकाठी एक बोट सोडली असती तर हे काम सोपे झाले असते. योजनेचा पसारा पाहता तिचा खर्च किती आला असता?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिची पुनरावृत्ती आपल्याकडे होण्याची भीती सर्वांत जास्त आहे. गाव हलवायला गावाची संमती हवी, हे तत्त्व न्यूफाउंडलँड सरकारने पाळले. पण कसे? आधी अट होती शंभर टक्के लोकांनी होकार देण्याची, मग ती नव्वदवर आली, पुढे ऐंशीवर. कागदावर हे लोकशाहीचे वाटते. प्रत्यक्षात ज्याला जायचे आहे त्याचा पैसा, ज्याला राहायचे आहे त्याच्या मतावर अडकतो. काल जाळे ओढायला हात लावणारा शेजारी आज आपल्या वाटेतली धोंड होतो. शिक्षक गेला, पाद्री गेला, की मागे राहू पाहणाऱ्यांचे पाय आपोआप सुटतात; मग होकाराचा आकडा गाठला जातो आणि त्याला ‘स्वेच्छा’ म्हणायचे. हा जुना इतिहास नव्हे. लिटल बे आयलंड्स या बेटाने २०१५ मध्ये स्थलांतरासाठी मतदान केले तेव्हा ९० टक्क्यांची अट होती आणि होकार आला ८९.४७ टक्के. एक मत कमी पडले. पुढची तीन-चार वर्षे ते इवलेसे गाव दुभंगून जगले. २०१९ मध्ये सगळ्यांनी होकार दिला आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बेटाची वीज तोडण्यात आली. बेट सोडण्याचे दुःख बोटीत बसताना सुरू होते असे जे समजतात, त्यांनी या तीन-चार वर्षांचा विचार करावा. तिथले गाव मोडायला सुरुवात झाली ती बेटावरच.

आता यावर आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप असा की, लोक स्वतःच जायला मागतात. मग त्यांच्या वतीने हळहळणारे आपण कोण? आक्षेप वजनदार आहे आणि त्याला इतिहासातला भक्कम आधारही आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर अटलांटिकमध्ये सेंट किल्डा नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातल्या हिर्टा बेटावर माणसे शतकानुशतके समुद्रपक्षी आणि मेंढ्यांवर जगली. रोज सकाळी गावातले पुरुष रस्त्यावर जमत आणि त्या दिवशी कोणते काम करायचे ते ठरवत. पहिल्या महायुद्धानंतर तरुण निघून गेले, वस्ती छत्तिसांवर आली, आणि मे १९३० मध्ये बेटकऱ्यांनीच सरकारला अर्ज लिहिला की आम्हाला इथून न्या. एवढेच नव्हे, आम्हाला एकत्रच वसवा असा आमचा आग्रह नाही, हेही त्यांनी त्या अर्जात लिहून दिले. माझ्या म्हणण्याच्या विरोधातला याहून मोठा पुरावा शोधूनही सापडणार नाही. २९ ऑगस्ट १९३० रोजी ‘हेअरबेल’ या नौदलाच्या जहाजाने त्यांना नेले. जाण्यापूर्वी त्यांनी घराघरात उघडे बायबल आणि ओटचा लहानसा ढीग ठेवला. कुत्री बुडवून मारावी लागली. मेंढ्या आधीच विकल्या होत्या, स्थलांतराच्या खर्चासाठी.

पण त्या अर्जाचा अर्थ काय लावायचा? ज्याच्या दारात दुसरा हिवाळा येऊन उभा आहे तो माणूस मागणे कमी करत नेतो. जास्त मागितले तर काहीच पदरी पडणार नाही, हा हिशेब त्याला पक्का ठाऊक असतो. तो जेवढे मागतो तेवढीच त्याची गरज, असे धरून चालणे सरकारला सोयीचे असते, न्याय्य नसते. सेंट किल्डाच्या लोकांना विखरून वसवले गेले. ज्या बेटावर एक झाड नव्हते तिथल्या पुरुषांना काम मिळाले ते वन खात्यात. काहीजण पुढची काही वर्षे उन्हाळ्यात बेटावर जाऊन राहत. जाणे त्यांनी मागितले होते हे खरेच आहे. सकाळी एकत्र उभे राहून दिवसाचे काम ठरवणारी ती मंडळी पुन्हा कधी तशी उभी राहणार नाहीत, हे मात्र त्यांनी मागितलेले नव्हते. ते आपसूक झाले, कारण कोणाच्याच कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

दुसरा आक्षेप काळाचा. दुःख निवते, मुले शिकतात, नातवंडांना बेट आठवतही नाही. यात पुष्कळ तथ्य आहे. न्यूफाउंडलँडमध्येही शाळा, दवाखाना, वीज मिळाल्याबद्दल समाधान मानणारे आणि परत जाण्याचे नाव न काढणारे लोक होते. बेटावरचे जिणे स्वर्गीय होते असे लिहिणारे बहुधा शहरात बसून लिहितात. हिर्टावर एकोणिसाव्या शतकात नवजात अर्भके धनुर्वाताने पटापट दगावत, हे त्यांनी विसरू नये. पण काळ सगळ्यांचे दुःख सारखे निववत नाही. दक्षिण अटलांटिकमधल्या त्रिस्तान दा कुन्या बेटावर १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला आणि तिथल्या २६४ लोकांना इंग्लंडमध्ये आणले गेले. त्यांना घरे मिळाली, नोकऱ्या मिळाल्या. दुसऱ्याच वर्षी मतदान झाले तेव्हा परत जाण्याच्या बाजूने १४८ आणि विरोधात ५ मते पडली, आणि १९६३ मध्ये बहुतेक जण परतले. त्यांना एकत्र ठेवले होते म्हणून ते एकत्र ठरवू शकले, हे यातले मर्म. विखुरलेल्या माणसाला परत जाण्याचा काय, न जाण्याचाही निर्णय गाव म्हणून घेता येत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या दालनात सर्वांत जास्त ऐकू येत असेल: समुद्र थांबत नाही, आधी जीव वाचवा, बाकीचे मागाहून पाहू. वादळाच्या रात्री हेच बरोबर. पण धूप ही काही एका रात्रीत येणारी आपत्ती नाही. ती वर्षानुवर्षे आधी वर्दी देते. पनामाच्या किनाऱ्याजवळच्या गार्दी सुग्दुब बेटावरच्या गुना आदिवासींनी हलण्याचा विचार २०१० च्या सुमारास स्वतः सुरू केला, मुख्य भूमीवरची आपलीच सामाईक जमीन त्यासाठी दिली, आणि २०२४ च्या जूनमध्ये सुमारे ३०० कुटुंबांना इस्बेर्याला या नव्या वस्तीत घरे मिळाली. म्हणजे चौदा वर्षे हाताशी होती. सरकारी दिरंगाईने ती वाया घालवली, दवाखाना वेळेवर झाला नाही, घरे एका साच्यातली लहान सिमेंटची, हे सगळे खरे. तरीही त्या स्थलांतरात दोन गोष्टी जमल्या. गाव एकत्र हलले. आणि बेटाचे दार बंद झाले नाही. ज्यांना राहायचे ते राहिले, गेलेले येत-जात राहिले, बोटीचा प्रवास काही मिनिटांचा. नव्या घरात गेले म्हणून जुन्या घराला कुलूप लावा, असा हट्ट धरला गेला नाही.

आपल्या देशातला अनुभव याच्याशी ताडून पाहा. ओडिशातले सातभाया हे बेट नव्हे, पण समुद्राने वेढत आणलेली गावे ती. तिथल्या ५७१ कुटुंबांना सरकारने बागपटिया इथे एकत्र वसवले, हे आपल्याकडचे चांगले उदाहरण म्हणून सांगितले जाते आणि ते काही अंशी योग्यच आहे. गावची देवी पंचुबाराही हिची पूजा परंपरेने मच्छीमार समाजातल्या दलित स्त्रियांकडे. पुरुषांनी मूर्तींना हात लावायचा नाही असा दंडक. २०१८ मध्ये त्या अवजड पाषाणमूर्ती नव्या गावी न्यायची वेळ आली तेव्हा गावाने तो दंडक तेवढ्यापुरता बाजूला ठेवला आणि पुरुषांनी मूर्ती उचलल्या. गाव एकत्र असले की रूढीसुद्धा वाट काढते. पण बागपटियात घरापुरती जागा मिळाली, शेती मिळाली नाही. तेव्हा कर्ती माणसे मजुरीसाठी केरळची गाडी धरतात. देवी आली, गाव आले, आणि गावातले तरुण पुन्हा निघून गेले. सुंदरबनमध्ये तर याहून बिकट. लोहाचरा बेट बुडाले, घोरामारा झिजत चालले आहे, आणि तिथून उठलेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या सागर बेटावर वसाहती करून दिल्या गेल्या. मागाहून आलेल्यांच्या वाट्याला जमीन कमी येत गेली. त्यातून सागर बेट स्वतःच कडेने ढासळते आहे. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

महाराष्ट्राने या बाबतीत कोणाला शहाणपण शिकवावे अशी आमची पुण्याई नाही. न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला आणि अडीचशेवर कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात आणून बसवले. ती नवी घरे वाळवीने पोखरली आणि खऱ्याखुऱ्या पुनर्वसनासाठी त्या लोकांना तीन दशकांहून अधिक काळ झगडावे लागले. कोयना धरणात गेलेली गावे तर पुनर्वसनाचा कायदा होण्याआधीच जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरली गेली होती. पण याच अनुभवातून १९७६ मध्ये आमच्याकडे प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला, आणि त्याने निदान कागदावर एक गोष्ट रुजवली: विस्थापितांना नुसते भूखंड नव्हे, नवे गावठाण द्यायचे, शाळा, रस्ता, पाणी, चावडी, स्मशानभूमी यांसह. अंमलबजावणीचे किती धिंडवडे निघाले ते सर्वांना माहीत आहे. पण गावठाण हा कायद्याचा शब्द असल्यामुळेच लोक मोर्चा काढून ते मागू शकले. धुपीने उठलेल्यांच्या हातात आज असा एकही शब्द नाही.

एक शेवटचा आक्षेप पैशाचा आणि जमिनीचा. सबंध गाव एकत्र बसवायला सलग जमीन लागते, ती आणायची कुठून? हजार कोटी ही देशभराच्या मानाने मोठी रक्कम नव्हे हे मान्य. पण सगळ्यात महाग काय पडते, तेही पाहा. ज्यांना एकदा वसवून पुन्हा हलवावे लागते, ज्यांच्या नव्या घरांना कुलपे लागतात कारण माणसे मजुरीला परप्रांतात असतात, ज्यांचे खटले तीस वर्षे चालतात, त्यांच्यावरचा खर्च सगळ्यात महाग; तो आपत्ती निवारणाच्या हिशेबात दिसत नाही एवढेच. जमीन एकाच वेळी सगळी मिळत नसेल तर गावाचे टप्पे पाडता येतील, पण टप्पे वाड्यांचे पाडा, चिठ्ठ्या टाकून कुटुंबांचे नको. घरांचा पाया घालण्याआधी जाळी आणि बोटी लावायची जागा, किनाऱ्यावरचा मासेमारीचा हक्क, नाहीतर कसायला जमीन, यांचा निकाल लावा. संमतीला टक्केवारीची अट घालून शेजाऱ्याला शेजाऱ्यावर सोडू नका. ज्याला आधी जायचे त्याला आधी जाऊ द्या, ज्याला थांबायचे त्याचा हक्क तेवढ्या काळापुरता राखून ठेवा. आणि बेट पाण्याखाली जाईपर्यंत तिथे जाण्या-येण्याची बोट चालू ठेवा, निदान सणावाराला, निदान पितृपक्षात.

घोरामारा बेटावर आजही माणसे राहतात. २०११ च्या जनगणनेत ती पाच हजारांच्या घरात होती, आणि २०२१ च्या मे महिन्यात ‘यास’ वादळात ते सबंध बेट पाण्याखाली गेले होते. त्यांच्याशी गाव म्हणून बोलणी सुरू करायची असतील तर ती आत्ता करा: तिथली शाळा उघडी आहे, बाजार भरतो आहे, आणि ग्रामसभेला जमायला माणसे आहेत, तोवर.

आपला,
एक नागरिक